साडूच्या घरासमोरची वाळू

किनाऱ्याच्या टोकाला तंबूंचं एक हॉटेल होतं. तिथे जीपमधून पाहुणे पोहोचवणारा ड्रायव्हर वाळूतला जाणकार माणूस होता. हे तो स्वतःच सांगत असे, पण म्हणून ते खोटं नव्हतं. डांबरी रस्ता संपला की तो खाली उतरे आणि चारही टायरांतली हवा निम्मी सोडून देई. जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखा टायर पसरला की मग गियर टाकी, आणि पाहुण्यांना ऐकवी, की वाळूत ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग गरकन फिरवायचं नाही आणि अर्ध्या वाटेत विचार बदलायचा नाही. एका चालीनं जात राहायचं.

आणि एवढं सांगून झालं की बरेचदा तो रुतून बसे. नेहमी एकाच जागी. त्याच्या साडूच्या घरासमोर.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता. होड्या वर ओढायच्या, रुतलेल्या गाड्या बाहेर काढायच्या, हा त्याचा धंदा. एरवी तो पडवीत खुर्ची टाकून बसलेला असे. जीप रुतली की तो सावकाश उठे, ट्रॅक्टर सुरू करी, दोर बांधी आणि जीप ओढून काढी. वर मजुरी घ्यायचा नाही. घरच्या माणसाकडून कसली घ्यायची, म्हणायचा.

ड्रायव्हरला संशय आला तो इथेच. ज्याचा काही डाव नाही, असा माणूस फुकट कशाला काम करील?

त्यानं तपास सुरू केला. साडू रात्रीचा समोरची वाळू नांगरून वरून फळी फिरवत असणार, असा त्याचा अंदाज होता. म्हणून साडू बाजाराला गेलेला बघून त्यानं तिथली वाळू एका पिशवीत भरली, पुढच्या वळणावरची दुसऱ्या पिशवीत भरली, आणि घरी आणून दोन्ही ताटांत ओतल्या. चिमटीत धरून पाहिल्या. वास घेतला. दोन्ही अगदी सारख्या निघाल्या. साडू किती बेमालूम काम करतो, याची त्याला खात्री पटली.

"ताटं घासून ठेवा," बायको म्हणाली.

एवढ्यात हॉटेलच्या मॅनेजरनं त्याला बोलावून घेतलं. शनिवारी मालक येणार होते आणि जीपमधूनच तंबूंकडे जाणार होते. मॅनेजरनं आवाज न चढवता सांगून टाकलं, की त्या दिवशी जीप रुतली तर किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल आणि ड्रायव्हरनं शहरातून भाजी आणायची व्हॅन चालवायची. व्हॅन डांबरी रस्त्यावर चालते. ती कुणीही चालवतो.

त्यानं बायकोला विश्वासात घेतलं. रिकाम्या खेपेला तिला शेजारी बसवून तो म्हणाला, "तू फक्त भाऊजींवर नजर ठेव. काय करतात ते मला हवंय."

बायकोनं नजर ठेवली. भाऊजी खुर्चीत बसून पायाचं नख कापत होते. त्यात बघण्यासारखं फार नव्हतं, म्हणून तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा मान वळवून पडवीकडे बघत होता. त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, ब्रेकवर गेला आणि तिथेच दाबून राहिला. पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग जमला. मग नवऱ्यानं दचकून गाडी रेटली, चाकं जागच्या जागी फिरली आणि जीप बुडानं वाळूत टेकली. भाऊजींनी नेलकटर खिशात टाकलं आणि ते उठले.

घरी आल्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "भाऊजींनी काही केलं नाही. ब्रेक तुम्ही दाबलात."

तो आपल्या पायाकडे बघत राहिला. तिला वाटलं, डोक्यात उजेड पडला.

"ब्रेक मी दाबला," तो म्हणाला, "पण दाबायला लावला कुणी?"

तिनं कपाळाला हात लावला. या माणसाला समजावणं आपल्या आवाक्यातलं नाही, हे तिला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. तेव्हा तिनं दुसरी वाट धरली. शुक्रवारी दुपारी ती बहिणीकडे गेली आणि दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. मालकांची जीप येईल तेव्हा भाऊजींनी पडवीत दिसायचंच नाही, आत बसायचं, असं ठरलं. म्हणजे बघायला कुणी नाही, बघायला कुणी नाही म्हणजे ब्रेक नाही. थोरलीनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं कारणसुद्धा विचारलं नाही. साळकाया-माळकायांच्या मसलतीत पडायचं नाही, हा त्याचा जुना नियम होता.

शनिवारी मालक पुढे बसले, मॅनेजर मागे. ड्रायव्हरनं हवा सोडली आणि मालकांना नेहमीचं भाषण ऐकवलं. मालकांनी मान डोलावली. जीप निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. माणसाला गाडी चांगली येते, असं मालक मॅनेजरला म्हणाले, आणि मॅनेजरनं त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. ड्रायव्हरनं मनाशी पक्कं केलं होतं, की आज तिकडे मान वळवायची नाही. काही झालं तरी नाही. साडूचं घर आलं. त्यानं मान वळवली नाही. फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

इतक्या वर्षांत जीपमधून जाताना ती खुर्ची त्यानं कधी रिकामी पाहिली नव्हती. दार बंद. ट्रॅक्टर मात्र जागेवर. मग माणूस कुठे आहे? आणि आजच का नाही?

त्याचा पाय ब्रेकवर होता, हे त्याला जीप थांबल्यावर कळलं.

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. पुढच्या चाकांनी मालकांच्या बाजूच्या खिडकीत ओंजळभर वाळू टाकली आणि जीप खाली बसली. मागून मॅनेजरचा नुसता हात पुढे आला, किल्लीसाठी.

घराचं दार उघडलं. साडू तोंड पुसत बाहेर आला, ट्रॅक्टरवर चढला आणि सावकाश आला. दोर बांधायला वाकला तेव्हा ड्रायव्हर त्याच्या कानाशी गेला.

"आत काय करत होता?"

"जेवत होतो," साडू म्हणाला.

"या वेळेला?"

साडूनं गाठ आवळली आणि मान हलवली. ड्रायव्हरनं त्या मान हलवण्याकडे नीट बघून घेतलं. सोमवारी व्हॅन घेऊन शहराकडे जाताना विचार करायला त्याला भरपूर वेळ होता. रस्ता सरळ होता, डांबरी होता, आणि बायको शुक्रवारी बहिणीकडे कशाला गेली होती, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.