तीन सळया

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ती स्वतःच्या मनात धाकटीच होती. तशी हाक मारणारं मात्र आता कोणी उरलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेमच्या मापाला आणायची.

दादाच्या घरमालकाचा फोन दुकानातच आला. दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते. तुमचा नंबर आत्ता कागदांत सापडला, असं तो ओशाळून म्हणाला; खोली रिकामी करायची आहे, काही न्यायचं असेल तर न्या. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून बहीणभावाचं बिनसलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली होती. आधी तो बोलेल म्हणून ती थांबली. बहुधा तोही तसाच थांबला असावा.

खोलीत भांडी, चार कपडे, रद्दी, आणि भिंतीला टेकवलेली ती दुर्बीण. पुठ्ठ्याची जाड नळी, धाकटीच्या छातीला लागेल एवढी. ती बघताच धाकटी खाटेवर बसली. एकोणीस वर्षांचा दादा स्वयंपाकघरात पिंपावर काचेची चकती ठेवून, तिच्यावर दुसरी चकती घासत पिंपाभोवती फेऱ्या मारायचा. पंधरा वर्षांची धाकटी मधेमधे पूड टाकायची, पाणी शिंपडायची. चार महिन्यांत आई दोघांना विटली, पण काच दुर्बिणीच्या आरशाला हवी तशी खोलगट झाली. त्या नादानेच धाकटी पुढे या धंद्यात पडली.

टेम्पोत घालून तिने दुर्बीण घरी आणली. नळीच्या तोंडातून आत तीन लांब सळया घातलेल्या होत्या. पडद्याच्या असतील, अडगळ म्हणून कोंबल्या असतील, असं समजून तिने त्या ओढून काढल्या आणि कोपऱ्यात ठेवल्या. आत कोळ्यांनी संसार थाटला होता. आरशाचा मुलामा पार उडाला होता.

गाड्यांच्या दिव्यांना आतून चमक चढवणाऱ्या एका कारागिराकडे तिने आरसा नेला. त्याने तो उजेडात तिरपा धरला, बराच वेळ फिरवून बघितला.

"हाताने घासलाय? कोणी?"

"आम्ही दोघांनी," धाकटी म्हणाली.

आठ दिवसांनी लखलखीत झालेला आरसा तिने नळीच्या बुडाशी बसवला. आता तो सरळ करायचा होता. त्याचे तीन स्क्रू तळाशी आणि डोळा लावायचं भोक वर, तोंडापाशी. पूर्वी दादा वरून बघायचा, 'थोडं अजून, बस' म्हणायचा, आणि ती खाली स्क्रू पिळायची. आता ती स्क्रू पिळे, उठून वर बघे, पुन्हा खाली बसे. रविवारची सगळी दुपार अशा उठाबशांत गेली. गुडघे बोलायला लागले, पण आरसा काही जागेवर येईना.

शेवटी टेकायला म्हणून ती कोपऱ्यात गेली आणि तिची नजर सळयांवर पडली. प्रत्येकीच्या टोकाला खाच होती. तिने एक उचलून नळीत घातली. खाच स्क्रूच्या आतल्या टोकावर चपखल बसली. दुसरं टोक थेट तोंडाशी आलं. डोळा भोकाला लावून एका हाताने ती फिरवता येत होती. दादाला कोणाची गरज पडू नये अशी ही सोय त्याने स्वतःच करून घेतली होती. धाकटीने उरलेल्या दोन सळयाही तशाच बसवल्या. मग तिने पाच मिनिटांत आरसा सरळ केला.

संध्याकाळी गच्चीवर तिने अर्ध्या चंद्रावर दुर्बीण रोखली. काठ नुकताच कापल्यासारखा स्वच्छ होता, खड्ड्यांत सावल्या भरलेल्या. आपोआप ती बाजूला सरकली, दुसऱ्याला बघता यावं म्हणून. बाजूला कोणी नव्हतं.

कपडे काढायला आलेल्या शेजारणीला तिने बोलावलं. शेजारीण वाकली, म्हणाली, "हो, चंद्रच आहे. खड्डे पडलेत की हो, ताई." गॅसवर दूध आहे, असं सांगून ती कपडे घेऊन लगबगीने खाली गेली.

चंद्र सारखा नजरेबाहेर सरकत होता. धाकटी नळीला बोटाने ढकलून त्याला परत आणत राहिली, तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड जाईपर्यंत. मग तिने नळीच्या तोंडावर उशीची खोळ चढवली आणि सगळं सामान दोन खेपांत एकटीने खाली आणलं.