हाताची कबर

फारूकचा डावा हात आलापल्लीच्या कब्रस्तानात चिंचेखाली पुरलेला होता, आणि बाकीचा फारूक चंद्रपुरात वकील इंदुताई गेडाम यांच्या खोलीत, धाकट्या भावाशेजारी बाकावर बसला होता. अपघात झाल्यापासून तो फार बोलत नसे. बोलण्याचं काम त्या भावाकडे, जुबेरकडे आलं होतं.

नुकसानभरपाईच्या दाव्याला आरा मशीनच्या मालकाचं उत्तर आलं होतं. इंदुताईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"भैयाजी म्हणतात, फारूक शेख नावाचा माणूस आमच्या मशीनवर कधी नव्हताच. त्याचा हात जंगलात डुकराचा बॉम्ब बांधताना उडाला, असं गावात सगळे बोलतात म्हणे."

"सगळे म्हंजे कोन?" जुबेर उसळला. "बाई, आख्खं गाव पाहून राह्यलं होतं. ओंडका उसळला, भाईचा हात पात्यावर गेला. मनगटातून साफ!"

"गाव पाहत होतं. पण साक्षीला कोण येतंय?"

 कामावरच्या प्रत्येकाच्या दारात जुबेर जाऊन आला होता. कोणी पाणी दिलं, कोणी चहा दिला, पण साक्ष द्यायला कोणीही तयार झालं नाही. भैयाजींनीच ज्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्याच्या चिठ्ठीत हात तुटल्याचं होतं. कशानं तुटला, ते नव्हतं.

बारूद आणि काचा चरबीत गुंडाळून रानडुकरासाठी असे गोळे टाकणारी माणसं त्या भागात होती, म्हणून मालकाचं म्हणणं अगदीच अशक्य वाटत नव्हतं. पण १९९७ सालच्या त्या नक्षलग्रस्त तालुक्यात 'बॉम्ब' हा शब्द एकदा कागदावर आला की डुक्कर मागे पडे आणि पोलीस पुढे येत. नुकसानभरपाई मागायला गेलेला माणूस ठाण्यातच अडकायचा.

"हाताचं काय केलं तुम्ही?" इंदुताईंनी विचारलं.

"दफन केला. आमच्यात अंग तुटलं तं फेकत नाई. धुवून, पांढऱ्या कपड्यात बांधून मीच पुरला."

इंदुताई जरा पुढे झुकल्या. करवतीनं कापलेलं हाड सपाट असतं, त्याच्यावर दातांच्या बारीक रेघा असतात. स्फोटानं उडालेलं हाड फुटतं, त्याच्या चिपा होतात. आठ महिन्यांत मांस जाईल, पण हाडावरची रेघ कुठे जाणार? डॉक्टर आणि नायब तहसीलदारांसमोर कबर उघडता आली, तर मालकाचं उत्तर तिथेच संपलं असतं.

"मी परवानगी काढते. पण तोवर कोणाला बोलायचं नाही, जुबेरभाऊ. घरातही नाही."

"जमातीले तं विचाराच लागते, बाई. कबर आमची असन, पन जमीन सगळ्याइची हाये. चोरासारखी कशी खोलू?"

इंदुताईंनी त्याला पुष्कळ समजावलं. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. आणि शुक्रवारी मशिदीत नमाज झाल्यावर उभा राहून त्यानं सगळ्यांसमोर विचारलंच. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, हात परत नीट ठेवाल ना? जुबेर हो म्हणाला. जमातीनं परवानगी दिली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटून तो आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आला.

ऊन उतरायच्या आत भैयाजींची जीप दुकानासमोर थांबली. ते उतरले, स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि पंक्चर काढणाऱ्या जुबेरकडे प्रेमानं पाहू लागले.

"काढून राह्यले म्हने, बेटा?"

जुबेरनं ट्यूब पाण्यात दाबून धरली. बुडबुडे येत राहिले.

"मी बी मिट्टी देल्ली होती त्या हाताले. याद हाये ना? तूच बोलावलं होतं."

याद होती. मालकाला न बोलावणं बरं दिसणार नाही, म्हणून जुबेर स्वतः निरोप घेऊन गेला होता. भैयाजींनी चपला काढून मूठभर माती टाकली होती.

"तवा तं तुमच्या मशीनवर तुटला म्हनून आलते, भैयाजी."

"शेजारधर्म म्हनून आलतो." ते उठले, धोतराची धूळ झटकली. "काढा, जरूर काढा. पन हाडं कवा कवा वेगळंच सांगतेत."

जीप गेल्यावर जुबेर कब्रस्तानात धावला. चिंचेखालची माती होती तशीच दिसत होती, वर पानगळ पसरली होती. त्यानं स्वतःला समजावलं, की भैयाजी धमकावून गेले एवढंच.

परवानगी यायला पंधरवडा लागला. त्या सकाळी अहेरीहून नायब तहसीलदार आले, सरकारी डॉक्टर आले, ठाण्यातून हवालदार आला. इंदुताई चंद्रपूरहून आल्या होत्या. भैयाजी जीपला टेकून उभे होते. कुंपणापलीकडे त्यांच्या मशीनवरचा कोलू आत्राम उकिडवा बसला होता. दफनाच्या दिवशी कबरीवर ठेवायची फळी त्यानंच मशीनवरून आणली होती. साक्ष द्यायला मात्र तो नाही म्हणाला होता. हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं.

जुबेरनं फावडं मारलं. माती फार सहज निघाली.

फळी लागली. ती उचलून कडेला उभी टेकवली. खाली कापडाचं गाठोडं होतं. डॉक्टरांनी ते उलगडलं आणि मागे न पाहता म्हणाले, "हाडं फुटलेली आहेत. काळी पडलीत." चिमट्यानं त्यांनी काचेचा तुकडा उचलला, मग लाल वायरचा एक वीतभर तुकडा.

 हवालदारानं वायर रुमालात घेतली आणि फारूकचा दंड धरला.

"चाल बाप्पा. तुले ठान्यात या लागते."

फारूकनं उजव्या हातानं आपल्या डाव्या बाहीचं रिकामं टोक धरलं. तेवढीच हालचाल त्यानं केली.

 मशिदीत आपण उभं राहिलो, आपणच सांगितलं, हेच जुबेरच्या डोक्यात घुमत होतं. नजर कुठेतरी टेकवायची म्हणून तो फळीकडे पाहत होता. ओंडक्याची ती पहिलीच चिरलेली फळी, एका अंगाला सालीची. सालीवर वाळवीनं मातीच्या वाटा बांधल्या होत्या, आणि उचलताना तीच बाजू खाली, गाठोड्याकडे होती. वर, मातीकडे असलेली करवतीची बाजू कोरी होती. वाळवी वरच्या मातीतून आली असेल, तर दफनाच्या वेळी साल वर असणार.

"कोलूभाऊ!" तो ओरडला. "फळी कशी ठेवली होती तू?"

कुंपणापलीकडे कोलू उठून उभा राहिला. त्यानं भैयाजींकडे पाहिलं, मग फारूककडे. ओंडका लावायला ते दोघे कित्येक वर्षं एकाच मशीनवर समोरासमोर उभे राहिले होते.

"साल वरतं," कोलू म्हणाला. "सालीवरून पानी घसरते. मशीनवाला मानूस उलटी ठेवतच नाई. ह्ये कोनी तरी काढून पुन्हा लावली. आन् हात पात्यानंच तुटला, साहेब. मशीनचा पट्टा मीच बंद केला होता."

"लिहून घ्या," इंदुताई म्हणाल्या. "आत्ता. इथेच."

नायब तहसीलदारांनी लिहिलं. कोलूनं अंगठा पँटला पुसला आणि कागदावर दाबला. हवालदारानं फारूकचा दंड सोडला.

भैयाजी हसत पुढे आले. त्यांनी कोलूच्या खांद्यावर हात टाकला.

"बरं सांगतलं, कोलू. चाल, गाडीत बस. ऊन झालं, घरी सोडतो."

कोलूला नाही म्हणता आलं नाही. इतकी वर्षं त्या आवाजाला त्यानं नाही म्हटलंच नव्हतं. तो मागच्या सीटवर जाऊन बसला, गुडघे जवळ घेऊन.

तेव्हा फारूक चालत जीपपाशी गेला. त्यानं उजव्या हातानं दार ओढलं आणि कोलूशेजारी बसला.

"मले बी सोडा, भैयाजी. कोलूच्या घरापरेंत."

भैयाजींचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी ड्रायव्हरला खूण केली.

कोलूची वस्ती उजवीकडे होती. जीप कब्रस्तानापुढच्या फाट्यावर हळू झाली आणि डावीकडे, सागाच्या जंगलाकडे वळली. हवालदाराला हाक मारत जुबेर त्याच्या मोटारसायकलकडे धावत सुटला होता.