वामननचं डोकं

प्रसीदाचा हत्ती रबराचा होता, लोखंडी सांगाड्यावर चढवलेला. त्याचं नाव वामनन. त्याचे कान, सोंड आणि डोकं हलत. देवळाच्या समितीनं तो उत्सवाला घ्यायचं कबूल केलं होतं, पण पायाशी माहूत उभा असल्याशिवाय देवळाचा पुजारी, नंबूद्री, देव घेऊन हत्तीवर चढत नाही, आणि गावातले माहूत या रबराकडे बघून नाक मुरडत. सगळ्यांत जास्त मुरडी तिचा बाप वेलुक्कुट्टी. उभी हयात हत्तींच्या पायाशी काढलेला माणूस, आता एका पायानं लंगडा.

तालमीत वामनननं पार लाज काढली. देवळाचे ढोल, चेंडे, घुमत असताना वर गेलेलं डोकं धाडकन खाली आलं आणि शिडीवरचा, देवावर छत्री धरणारा, पडता पडता वाचला.

"बुजगावणं आहे ते, मोळे," वेलुक्कुट्टी लेकीला म्हणाला. "त्याच्या पायाशी उभं राहून या वयात हसं करून घेऊ होय?"

प्रसीदा हत्तीच्या पोटातला, हुकूम घेणारा कंट्रोलर काढून कामाला बसली. चूक तिचीच होती. फोनवरून कान, सोंड आणि डोक्याचे तीन आकडे स्वल्पविराम देऊन जात, पण पोचत एकेक अक्षर करून. कंट्रोलर जरा वाट बघे आणि हाती लागेल त्याचा आकडा करून मोकळा होई. एकशेवीसमधलं शून्य मागे रेंगाळलं की डोक्याला बाराच मिळत. तिनं निरोपाच्या शेवटी अर्धविरामाची खूण घातली. ती येईपर्यंत अक्षरं नुसती साठवायची. आली की स्वल्पविरामांवर तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा आकडा बांधायचा, आणि बरोबर तीन भरले नाहीत तर सगळंच फेकून द्यायचं.

उत्सवाच्या दिवशी मैदानात माणसांपेक्षा फोन जास्त होते. प्रसीदानं बटण दाबलं. वामनन ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. नंबूद्री देव घेऊन शिडीपाशी खोळंबला होता, आणि पायाशी माहूतही नव्हता.

"बंद पडला का गं तुझा गजराज?" समितीचे मेनन म्हणाले.

"बंद नाही, सार. गर्दीत हुकूम तुटून पोचतोय. अर्धा हुकूम तो घेत नाही."

वेलुक्कुट्टी पारावर बसला होता, फजिती बघायलाच आला होता. तो काठी टेकत उठला.

"घेत नाही म्हणजे?"

"पुरा ऐकल्याशिवाय हलत नाही, अच्छन," ती बापाला म्हणाली.

वेलुक्कुट्टीनं आपल्या मोडक्या पायाकडे पाहिलं. ही गोष्ट त्यानं घरात कधी काढली नव्हती. "मी 'सरक' म्हटलं, 'पण थांब' तोंडातच होतं," तो म्हणाला. "त्या हत्तीनं 'सरक' तेवढं ऐकलं, आणि हा पाय गेला."

मग तो चेंडेवाल्यांच्या मधून लंगडत गेला आणि वामननच्या डाव्या पुढच्या पायाशी, माहुताच्या जागी, उभा राहिला.

प्रसीदानं बटण दाबलं. या खेपेला निरोप अख्खा पोचला. कान पसरले, सोंड वळली, डोकं सावकाश वर गेलं आणि वरच राहिलं. नंबूद्रीनं शिडीवर पाय ठेवला.

शेजारच्या गावचा एकजण सोंडेला हात लावायला पुढे सरसावला. "कुणाचा हो हा हत्ती?"

"माझ्या लेकीचा," वेलुक्कुट्टी छाती काढून म्हणाला आणि त्यानं काठी आडवी धरली. "आणि मागं उभा राहा. हत्ती आहे तो."