टाक की टाकस

आप्पांसाठी स्पीकर घ्यायचा असं ठरवलं तेव्हा हे अर्ध्या तासाचं काम आहे अशी माझी खात्री होती. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेलं आहे आणि लोणखेड्यात एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. टेबलावर मावेल असा छोटा बिनतारी स्पीकर निवडणं मला जड जाण्याचं कारण नव्हतं. चार मॉडेलांचे आकडे कागदावर उतरवले, त्यांत सगळ्यांत भरभक्कम निघालेला शहाद्याला नवनीतभाईंच्या दुकानातून आणला आणि आईच्या सांगण्यावरून टीव्हीशेजारच्या कोनाड्यात ठेवला.

आप्पा समोर बसून पाच मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज मोठा शे. पन बोल दिखस नही."

आवाज आहे, शब्द दिसत नाहीत. माझ्या कागदावर या तक्रारीसाठी रकानाच नव्हता.

आप्पा एकतीस हंगाम कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटाने त्यांच्या कानांतून बारीक, उंच आवाज पुसले गेले. जाड आवाज तेवढे शाबूत राहिले. कानात घालायचं यंत्र त्यांनी चार दिवस वापरलं, कानात मुंगळा बसल्यासारखं वाटतं म्हणाले आणि सुपारीच्या डबीत ठेवून दिलं. तेव्हाच त्यांनी आपली पेटीही दिली. भजनी मंडळात पंचवीस वर्षं वाजवलेली ती हार्मोनियम, तिचा एकेक सूर स्वतः कानशीने घासून जुळवलेला. ती त्यांनी भाच्याला, हेमराजला दिली. हेमराज म्हणजे खांडबाऱ्याला राहणाऱ्या माझ्या फुईचा, आप्पांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

वत्सलाफुईला लिहिता येत नाही. ती दिवसाआड फोनवर बोलून निरोप पाठवते. म्हैस, खोकला, शेजारीण, सगळं त्यात असतं. आप्पा चहानंतर फोन कानाला दाबून ते ऐकायचे. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी ते अचानक बंद केलं. फोनचा आवाज बारीक आहे, एवढंच कारण दिलं. मी ते खरं मानलं आणि स्पीकरच्या मागे लागले.

आईने मानलं नव्हतं. भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "फोनना आवाज नही वं, बहीनना आवाज सलस त्यास्ले."

काय सलतं ते तिलाही माहीत नव्हतं. आप्पा सांगत नव्हते. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि आणायला भाऊ गेल्याशिवाय फुई पाऊल उचलत नाही. ती छप्पन्न वर्षं अशीच येते आहे. या वर्षी आप्पांनी जाण्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं, आणि फुईचे वीस-बावीस निरोप न ऐकलेले पडून होते. मला वाटलं, आधी नीट ऐकू येऊ दे. रुसव्याचं मग बघू.

मी स्पीकर घेऊन परत दुकानात गेले. नवनीतभाईंची तापीकाठी केळीची बाग आहे आणि दुकान हा त्यांचा शौक आहे. त्यांची स्पीकर तपासायची एकच पद्धत: काउंटरवर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा, वरातीतलं गाणं लावायचं आणि पाण्यावर तरंग उठतात का ते बघायचं. बास चांगला असेल तर पाणी हलतं. पद्धत म्हणून ती वाईट नव्हती, फक्त ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती. मी म्हटलं, मला पाणी न हलवणारा दाखवा.

"मग तुले रडका स्पीकर पाहिजे, बेन," ते म्हणाले आणि मागच्या फळीवरून एक राखाडी, विटेएवढा खोका काढून त्यांनी त्यावरची धूळ झटकली. हा फक्त बातम्या ऐकायच्या लायकीचा, वर्षभर कोणी विचारलेला नाही, असंही सांगितलं. मी तो मागितला, आधीचा भारीवाला मागितला आणि दोन्हींच्या मधला तिसरा एक मागितला. रविवारपुरते तिन्ही घरी नेते, म्हटलं. खोके फाटू द्यायचे नाहीत आणि निकाल त्यांना कळवायचा, या अटीवर त्यांनी दिले.

रविवारी दुपारी मी तिन्ही स्पीकर कोनाड्यातून बाहेर, टेबलावर, आप्पांच्या कानाच्या उंचीला मांडले. कोनाड्याच्या भिंती जाड आवाज फुगवतात, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. भारीवाल्याला क, राखाडीला ख, मधल्याला ग अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर पातळ ओढणी टाकली, म्हणजे कुठला वाजतो ते आप्पांना कळणार नाही. तिन्हींचा आवाज मोबाइलवर मोजून सारखा केला. पंखा बंद केला. एप्रिल महिना; पाच मिनिटांत आप्पांच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. हातात पेन्सिल घेऊन ते म्हणाले की आपला पेपर कोण तपासणार आहे ते आधी कळू दे, मुलगी तपासणार असेल तर दोन मार्क फुकटचे मिळायला हवेत.

पहिली यादी मी पुस्तकी मराठीत केली होती, वीस वाक्यं, आवाज आईचा. आप्पांनी ऐकून लिहिली आणि तिन्ही स्पीकरवर जवळजवळ सगळी बरोबर आली. निष्कर्ष काहीच नाही. मी कागदाकडे बघत बसले. आई ओसरीवरून आत आली आणि तिने विचारलं, या घरात असं कोण बोलतं? फुई काय बातम्या वाचल्यासारखी बोलते? मग तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला, स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि आपल्या रोजच्या अहिराणीत तिला सुचली तशी पंचवीस वाक्यं बोलून आली. कोण येतं, कोण जातं, कोण काय विकतं, कानस कुठे ठेवलेली आहे.

या वेळी क वर आप्पांच्या अकरा चुका झाल्या. ग वर आठ. ख वर दोन.

मला ख ने जिंकल्याचा आनंद झालाच, पण त्याहून मजेशीर गोष्ट चुकांमध्ये होती. क वरच्या अकरा चुकांपैकी नऊ एकाच जातीच्या होत्या. आई ‘येस’ म्हणाली होती, आप्पांनी ‘ये’ लिहिलं होतं. ‘जास’चं ‘जा’, ‘देस’चं ‘दे’. ‘कानस’ असं आई म्हणाली तिथे त्यांनी ‘कान’ लिहिलं होतं. ते वाचून ते स्वतःच हसले. आयुष्यभर हातात धरलेल्या कानशीतला नुसता कान उरला, म्हणाले.

मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. ‘स’ हा जवळजवळ नुसत्या हवेचा आवाज, फार उंच पट्टीतला. जिनिंगने तुमच्या कानातली नेमकी तीच पट्टी खाल्ली. त्यात स्पीकरने जाड आवाज घुमवला की उरलासुरला ‘स’ त्याखाली गाडला जातो. पुस्तकी मराठीत त्याने फारसं बिघडत नाही, तिथे ‘येतो’ आणि ‘जातो’ असतं, शेवटी ठसठशीत ‘तो’. आपल्या बोलीत मात्र ‘तो येस’ म्हणजे तो येतो, आणि तो शेवटचा ‘स’ निघून गेला की उरतो ‘ये’. सांगणाऱ्याने बातमी सांगितलेली असते, तुम्हाला हुकूम ऐकू येतो.

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं माझं व्याख्यान लांबलं. पण ते कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. तिथे आईचं वाक्य होतं, ‘तो म्हैस इकी टाकस’, तो म्हैस विकून टाकतो, आणि समोर त्यांच्या अक्षरात, ‘म्हैस इकी टाक’.

"असं मी किती येळा ऐकस?" त्यांनी विचारलं.

क वर प्रत्येक वेळी, मी सांगितलं. फोन कानाला दाबून ऐकलं तर बहुधा तसंच होत असेल; फोनचा स्पीकर खरखरीत, आणि वर पंखा चालू.

त्यांनी खिशातून फोन काढला. फुईचे निरोप वर सरकवत सरकवत सहा आठवडे मागे गेले आणि एकावर थांबून फोन माझ्याकडे दिला. "हाई लाव. ख वर."

मी लावला. फुईचा आवाज खोलीत आला, थोडा पातळ, पण स्वच्छ. बस उशिरा आली, गहू चांगला झाला, एवढं झाल्यावर ती म्हणाली, "हेमराज ती पेटी इकी टाकस."

आप्पांनी हात वर केला. मी थांबवलं. परत लावायला सांगितलं, लावलं. तिसऱ्यांदा ते टेबलावर वाकून, ओढणी बाजूला करून, राखाडी खोक्याच्या जाळीकडे बघत ऐकत होते, जणू काही ‘स’ तिथून बाहेर पडताना दिसणार होता.

"टाकस," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटनं, ती हेमराजले सांगी ऱ्हायनी."

एवढंच होतं ते. हेमराज ती पेटी विकतो आहे, असं बहीण भावाला कळवत होती. भावाने ऐकलं: हेमराज, ती पेटी विकून टाक. बहिणीने बोलता बोलता मान वळवून मुलाला हुकूम दिला, आणि तोही आपल्या पेटीबद्दल, असं समजून आप्पांनी तिथेच निरोप बंद केला होता. त्यापुढचा एकही ऐकला नव्हता.

मी पुढचं लावलं. हेमराजला सुरतेला नोकरी लागली होती, तिथल्या खोलीत पेटीला जागा नव्हती, आणि तो आईचं ऐकत नव्हता. "मी पेटीवर गहूनं पोतं ठेई दिन्हं," फुई सांगत होती. "तू उना बिगर कोनले हात लावू देस नही." तू आल्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही.

आई दारात उभी होती. तिने आत येऊन पंखा चालू केला, आणि आप्पांनी लगेच तो बंद करायला लावला. उरलेले निरोप त्यांना आताच ऐकायचे होते. पुढच्या वीस-बावीस निरोपांमध्ये फुई आधी रागावत गेली होती, मग काळजी करत, शेवटच्या तिन्हींत नुसतंच विचारत होती की लोटनची, म्हणजे आप्पांची, तब्येत बरी आहे ना. आम्ही तिघांनी घामाने भिजून सगळे ऐकले. आप्पांनी दोनच जागी परत लावायला सांगितलं.

मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि निरोप बोलले, "आक्का, मी येस." पाठवायच्या आधी मला तो ख वर वाजवून दाखवायला लावला. आक्का त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, तिच्या कानांचा काय भरवसा. पहिला त्यांना पटला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी ‘येस’मधला ‘स’ कुकरच्या शिट्टीइतका लांबवला, आणि तो गेला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. फुई एरवी पाच मिनिटं बोलते; या वेळी एकच शब्द होता. मी तो आप्पांना आधी सांगितला नाही. ख वर लावला.

"ये," आप्पा म्हणाले. "ह्यामा स नही शे."

नव्हताच. मी चुकांच्या तक्त्याखाली तेही लिहून ठेवलं.

सोमवारी क आणि ग, खोके न फाटलेले, नवनीतभाईंना परत केले. राखाडीच ठेवला हे ऐकून त्यांनी निकाल मागितला, मी तक्ता दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, काउंटरवरचा ग्लास उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं. घरी आले तर आप्पा सकाळच्याच गाडीने खांडबाऱ्याला निघून गेले होते. भिंतीवरच्या खिळ्याला हत्यारांची पिशवी उघडीच लटकत होती. पाना, पक्कड, हातोडी सगळं जागेवर होतं. फक्त बारीक कानस नव्हती.