तानाबाईंची जीभ

१९७६ साली शाहूपुरीत माझा दातांचा दवाखाना नवा होता आणि मला सगळं कळतं ही घमेंडही नवीच होती. तानाबाई गगनबावड्याहून नवऱ्याबरोबर, आकारामबरोबर, एसटीने आल्या. जिभेच्या डाव्या कडेला फोड आला होता आणि महिना झाला तरी भरत नव्हता. शेजारच्या दाढेला टोक होतं. मी ते घासून गुळगुळीत केलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि तंबाखू खाता का, असं विचारलं. बाई जवळजवळ रागावल्याच. तंबाखू सोडा, त्या पानही खात नव्हत्या. मी निर्धास्त झालो. दात दोन वेळा घासा, तोंड स्वच्छ ठेवा, पंधरा दिवसांनी या, असं बजावून त्यांना लावून दिलं.

पंधरा दिवसांनी फोड तसाच. दाढेचं टोक गेल्यावर जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायचा, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण तंबाखू नाही म्हटल्यावर माझं डोकं तिथंच अडून बसलं. मी तीच दाढ पुन्हा घासली आणि गोळ्या बदलून दिल्या.

तिसऱ्या खेपेला मी दवाखाना उघडायला आलो, तर त्या पायरीवर बसून दात घासत होत्या. बोट काळं, ओठ काळे. हे काय चाललंय, असं मी विचारलं.

"मिसरी की. आदी सकाळचीच लावायची. तुमी दोनदा घासा म्हनलासा, तवापास्नं सांजच्यालाबी लावतीया."

मिसरी म्हणजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखूच. माझी आईसुद्धा रोज लावायची. तिला कुणी तंबाखू खातेस का विचारलं असतं, तर तीही अशीच रागावली असती. त्यांना खुर्चीत बसवून बोटाने फोड चाचपला. कडा टणक लागल्या. जबड्याखाली एक गाठही लागली. मी भ्यालो, सरळ सांगतो, आधी त्यांच्यासाठी आणि मग स्वतःसाठी.

तुकडा काढून मिरजेला तपासायला पाठवला. आठ दिवस मला धड जेवण गेलं नाही. पोस्टमन दिसला की मी पायरीपर्यंत जायचो. शेवटी पाकीट आलं. कॅन्सरच होता.

तानाबाई आणि आकाराम समोर बसले तेव्हा मी काही लपवलं नाही. जिभेचं ऑपरेशन करावं लागेल, हे सांगितलं. मिसरीचं मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, चूक माझी, हेही सांगितलं. तानाबाईंनी एवढंच विचारलं, की बरं होतं ना हे. पुष्कळांचं होतं, असं म्हणून मी घाईघाईने पुढचं बोललो. उद्याच मिरजेला जायचं, मी दवाखाना बंद ठेवून बरोबर येतो.

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. तोवर त्या घाबरल्या नव्हत्या.

"दवाखाना बंद ठेवून येताय? एवढं वंगाळ हाय व्हय?"