सासऱ्यांनी दिलेल्या चपला

पंचाहत्तर साली, लग्नाला बारा दिवस उरले असताना, माझ्या दोन्ही पायांवर इसब उठला. खाज अशी, की साहेब समोर असले तरी टेबलाखाली माझं काम चालूच. पण खाजेपेक्षा भीती मोठी. लग्नात सासरे जावयाचे पाय धुतात, आणि माझे होणारे सासरे अण्णाराव म्हणजे भाजीवाल्याकडची भेंडीदेखील मोडून बघणारा माणूस. असले पाय बघून ते लग्न मोडणार, याची मला खात्री होती. आणि त्यांची मुलगी अनसूया तर मला मनापासून आवडली होती.

आई म्हणाली, "वांग्यानं झालं." वांगी बंद. शेजारच्या गिरिजाबाई म्हणाल्या, "शेंगाचटणी लई उष्ण असती की!" चटणी बंद. सोलापुरात शेंगाचटणीशिवाय भाकरी खायची, तर जगायचं तरी कशाला? शेवटी मामा बिब्बा घेऊन आला, तेव्हा मी पळालो तो थेट डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी पाय पाहिले, मग दारातल्या चपला मागवल्या. पट्टे जिथं टेकत, नेमका तिथंच इसब होता. "खाण्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "चामडं कमावताना जे वापरतात, ते तुमच्या कातडीला सोसत नाही. या चपला सोडा."

झाली पंचाईत! चपला अण्णारावांनीच साखरपुड्यात दिलेल्या. शुक्रवार पेठेत त्यांच्या दारावरून मी रोज कचेरीला जायचो, आणि ते आधी माझ्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. मी पडलो भित्रा. घालत राहिलो.

लग्नात परातीत पाय ठेवले. सासूबाईंनी पाण्याची धार धरली. अण्णारावांचा हात मध्येच थांबला.

"हे कशानं वो?"

खोटं काही सुचेना. "तुमी दिलेल्या चपलांनी," मी पुटपुटलो. "डॉक्टर म्हणाले, चामडं सोसत न्हाय."

भटजींचा मंत्र अडकला. अण्णारावांनी धोतर सारून स्वतःचं पाऊल पुढं केलं. तसेच पट्टे, तसेच लालभडक!

"मी बी तसलाच जोड घेतला हुता की," ते मला म्हणाले, आणि गर्रकन सासूबाईंकडे वळले. "ऐकलंस? चपलांनी! आन् तू रोग लागंल म्हणून म्हैनाभर मला गच्चीवर निजवलंस!"