घड्याळाखालची शीर

सिस्टरने दंडाचा रबरी पट्टा सोडला आणि सुई डब्यात टाकली. दुसरी वेळही फुकट गेली होती. एका माणसाला एका दिवशी दोनदाच टोचायचं, हा नियम तिनेच लिहून नशा करणाऱ्यांसाठीच्या या केंद्राच्या भिंतीवर चिकटवला होता.

समोर पेंटर बसला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, चाळिशी उलटलेला, नखांत कायम निळा रंग. जुन्या सुयांतून रोग पसरू नये म्हणून केंद्र नव्या सुया देई, आणि तीन वर्षं तो त्या इथून नेत होता. वर्षापूर्वी नशेची तलफ मारणारी, जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली, आणि नशेची सुई महिन्यातून एखाद्या वेळेवर आली. आता बोटाच्या थेंबावरच्या चाचणीत सुयांतून पसरणारी 'सी' कावीळ निघाली होती. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ती बरी होण्यासारखी होती, पण त्याआधी विषाणू मोजायला नळीभर रक्त हवं होतं. मागच्या मंगळवारीही ते निघालं नव्हतं.

"आता मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल," सिस्टर म्हणाली.

"तिथे नाही जायचो. तिथे आधी भाषण टोचतात, मग सुई."

तो गेला तर परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावरून डॉक्टरबाई ऐकत होत्या. दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या खोलीतून त्या दर मंगळवारी या खोलीतले रुग्ण तपासत. नमुने नेणारा मोटरसायकलवाला साडेबाराला यायचा; सव्वाबारा झाले होते.

"पेंटर, सिस्टरनी तुम्हाला काय विचारलं?"

"कुठली शीर चांगली राहिलीय. म्हटलं, सगळ्या गेल्या."

"मी उलटं विचारते. स्वतःला तुम्ही कुठे टोचत नाही?"

डाव्या मनगटावरचं रुंद पट्ट्याचं घड्याळ पेंटरने जरा फिरवलं. ते बंदच असायचं. "किती वाजले, पेंटर?" असं सिस्टर त्याला येता-जाता छेडायची, आणि तो काटे बघून गंभीरपणे "पावणेचार" म्हणायचा.

त्याने पट्टा सोडला. खालची कातडी फिकट होती, आणि अंगठ्याच्या बाजूने एक सरळ, भरलेली शीर गेली होती. एकही डाग नाही.

"सात वर्षं झाकून ठेवलीय," तो म्हणाला. "दिसली की हात शिवशिवतो."

"आणि मी मघापासून तुम्हाला भोसकतेय. तोंड नव्हतं उघडता येत?"

"कधी रस्त्यात बेशुद्ध पडलो, तर सलाईनला एक तरी असावी म्हणून राखलीय. तुमच्या हातून तीही गेली असती तर?"

सिस्टरला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने भिंतीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"नियम तुमचा आहे, सिस्टर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"खाली एक ओळ मी रंगवून देतो," पेंटर म्हणाला. "'पेंटर सोडून.' फुकटात."

तिने मनगट कोमट पाण्यात शेकलं. सगळ्यात बारीक सुई काढली. बोटाने शीर चाचपली, डोळे मिटून पुन्हा चाचपली. मग सुई आडवी धरून सावकाश आत घातली. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त चढू लागलं. पेंटर दुसऱ्याच कुणाचं काम बघावं तसा बघत होता.

"हात हलका आहे तुमचा," तो म्हणाला. "अक्षर चांगलं येईल."

काळंनिळं पडू नये म्हणून तिने कापसाचा बोळा स्वतःच पाच मिनिटं दाबून धरला. मोटरसायकलवाला नळी घेऊन गेला.

"गोळ्या संपल्या की बारा आठवड्यांनी अजून एकदा रक्त लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर जपा तिला."

"आजवर कोण जपत होतं?" पेंटर म्हणाला. बोळ्यावरून त्याने पट्टा एक भोक सैल बांधला. "आणि सिस्टर, फाईलमध्ये लिहून ठेवा शीर कुठे आहे ते. बेशुद्ध माणूस पत्ता सांगत नाही."

तिने लिहिलं, खाली रेघ मारली. तो दारापर्यंत पोहोचला तेव्हा तिने विचारलं, "किती वाजले, पेंटर?"

त्याने मनगट वर करून नीट पाहिलं.

"पावणेचार."